२,१४,७४,८३,६४७ मूळ आहे हे ऑयलरने कसं ओळखलं?

१७७२ साली लिओनार्ड ऑयलर पासष्ट वर्षांचा होता. एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यानेही जवळपास काही दिसत नव्हतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून तो तोंडी सांगायचा आणि हाताखालची मंडळी लिहून घ्यायची. त्या वर्षी बर्नोली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पाठवलेल्या पत्रात त्याने सांगून टाकलं, की २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः, या दोघांखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही.

वाचायची झाली तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हाताशी कॅल्क्युलेटर नाही, संगणक नाही, डोळेही नाहीत. तरी दावा बरोबर निघाला, आणि तो नुसता अंदाजही नव्हता.

शाळेत शिकवलेल्या पद्धतीने हे तपासायला गेलं तर काय होतं ते आधी बघू. एखाद्या संख्येला अवयव असतील तर ते जोडीने येतात: एक मोठा, एक छोटा. छोटा अवयव संख्येच्या वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तेव्हा ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं, एवढंच काम. पण अशा मूळ संख्या सुमारे ४,८०० भरतात. दहा आकडी संख्येचा एक भागाकार पाच मिनिटांत उरकला असं धरलं, तरी ४०० तास झाले. आणि मधेच कुठे हातचा चुकला तर कळायचंही नाही.

ऑयलरला जास्तीत जास्त ३७२ भागाकार पुरेसे होते. बाकीचे त्याने न करताच निकालात काढले. हे कसं, तेच मला इथे नीट उलगडायचं आहे, कारण त्यामागची कल्पना एकदा हाताला लागली की या संख्येची पुढची बरीच गुपितं आपोआप उघडतात.

ही संख्या कुठूनही उचललेली नाही. २ ला २ ने गुणत गुणत २ चा ३१ वा घात गाठा आणि त्यातून १ वजा करा, की हीच संख्या मिळते. दशमान पद्धतीत १००० मधून १ काढला की ९९९ उरतात, सगळे नऊ. संगणकाच्या द्विमान पद्धतीत फक्त ० आणि १ असतात, त्यामुळे तिथे ही संख्या म्हणजे ओळीने ३१ वेळा लिहिलेला १. शून्य एकही नाही.

आता या ओळीशी जरा खेळून बघा. द्विमान पद्धतीत चार एक, म्हणजे ११११, ही आपली १५. ही ओळ दोन-दोनच्या गटांत मोडते: ११ आणि ११. म्हणून तिला द्विमान ११ ने, म्हणजे आपल्या ३ ने, भाग जातोच जातो. सहा एकांची ओळ म्हणजे ६३. ती तीन-तीनच्या गटांत मोडते, म्हणून तिला ७ ने भाग जातो. थोडक्यात, एकांची संख्या सारख्या गटांत वाटता आली की ती ओळ मूळ नसते. ३१ स्वतः मूळ असल्याने ३१ एकांचे सारखे गट पडत नाहीत. पहिली चाळणी पार झाली.

पण ही चाळणी पुरेशी नाही, आणि भल्याभल्यांनी इथेच माती खाल्ली आहे. ११ मूळ आहे, पण अकरा एकांची ओळ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. इटलीतल्या पिएत्रो काताल्दीने १६०३ साली घातांक २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही चालतात असं छापलं होतं. त्यातला फक्त ३१ बरोबर निघाला. मग १६४४ मध्ये मरीन मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने अशा घातांकांची यादी दिली. त्याच्याच नावाने या मूळ संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात. त्याच्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे घुसले होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ३१ दोघांच्याही यादीत होता, सिद्धता मात्र दोघांकडेही नव्हती.

आता मुख्य गंमत. २०४७ हीच आपली सरावाची पाटी.

असं घड्याळ कल्पा ज्याच्या तबकडीवर १२ ऐवजी २३ तास आहेत. २३ ओलांडले की पुन्हा १ पासून मोजायचं. १ वर उभे राहा आणि दरवेळी दुप्पट करा. १, २, ४, ८, १६, मग ३२ म्हणजे २३ वजा करून ९. पुढे १८, मग ३६ म्हणजे १३, मग २६ म्हणजे ३, मग ६, १२, आणि २४ म्हणजे परत १. किती पावलांत परतलो? मोजा, अकरा. म्हणजे २ चा ११ वा घात २३ च्या घड्याळावर १ वर येतो. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, याला २३ ने पूर्ण भाग जातो, हेच वेगळ्या शब्दांत.

या फेऱ्यात अकरा आकडे आले. घड्याळावर २३ वगळता २२ आकडे आहेत, मग बाकीचे अकरा कुठे गेले? त्यातला कुठलाही एक उचला, समजा ५. दुप्पट करत जा: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. हाही अकराचाच फेरा. २२ आकडे अकरा-अकराच्या दोन फेऱ्यांत तंतोतंत वाटले गेले, एकही उरला नाही. उरणारही नव्हता, कारण अकरा वेळा दुप्पट करणं म्हणजे या घड्याळावर १ ने गुणणं, आणि ते कुणालाही जागच्या जागी आणून सोडतं.

म्हणजे २२ ला ११ ने भाग जाणं हा योगायोग नव्हे. २०४७ चा दुसरा अवयव ८९ घ्या: ८८ लाही ११ ने भाग जातो. काताल्दीच्या चुकलेल्या घातांकांकडेही याच नजरेने पाहा. २३ च्या ओळीला ४७ ने भाग जातो, आणि ४६ म्हणजे २ × २३. ३७ च्या ओळीला २२३ ने भाग जातो, आणि २२२ म्हणजे ६ × ३७. २९ च्या ओळीला २३३ ने, आणि २३२ म्हणजे ८ × २९. पहिल्या दोन चुका फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने उघड केल्या, तिसरी ऑयलरने.

आता ३१ कडे येऊ. समजा आपल्या मोठ्या संख्येला क नावाच्या एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. मग क तासांच्या घड्याळावर ३१ वेळा दुप्पट केलं की आपण १ वर परत येतो. फेरा त्याहून छोटा असेल का? छोटा असता तर त्याच्या लांबीने ३१ ला भाग गेला असता, पण ३१ मूळ आहे. म्हणून फेरा बरोबर ३१ चा. घड्याळावरचे क वजा १ आकडे ३१-३१ च्या फेऱ्यांत वाटले जाणार, म्हणजे क वजा १ ला ३१ ने भाग जाणारच. शिवाय क विषम आहे, म्हणून ६२ नेही. एका फटक्यात क साठी ६३, १२५, १८७, २४९, ३११ अशा बासष्ट-बासष्टच्या अंतरावरच्या संख्याच उरल्या. ३, ५, ७, ११, १३ ने भागून पाहायची गरजच संपली.

ऑयलर इथे थांबला नाही. ३१ वेळा दुप्पट करून १ येतो, तर ३२ वेळा दुप्पट करून २ येणार. पण २ चा ३२ वा घात म्हणजे २ च्या १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे क च्या घड्याळावर कुणाचा तरी वर्ग २ वर येऊन थांबतो. हे दिसायला साधं वाटतं, पण प्रत्येक घड्याळावर असं होत नाही. ७ च्या घड्याळावर ३ चा वर्ग ९, म्हणजे २. १७ च्या घड्याळावर ६ चा वर्ग ३६, म्हणजे २. २३ वर ५ चा वर्ग २५, म्हणजे २. पण ११, १३ किंवा १९ च्या घड्याळावर सगळ्यांचे वर्ग करून पाहिले तरी २ काही येत नाही. नियम असा, की विषम मूळ संख्येच्या घड्याळावर २ हा वर्ग असेल तर त्या संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. (याची सिद्धता अवघड नाही, पण लांबते, म्हणून इथे तुम्ही ती मानून चाला.)

दोन्ही अटी एकत्र केल्या की क फक्त दोन साच्यांत बसू शकतो: २४८ च्या पटीत १ मिळवून किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून. ४६,३४० पर्यंत पहिल्या साच्यात १८६ संख्या सापडतात. दुसऱ्यात खुद्द ६३ सोडली, कारण तिला उघडच ३ ने भाग जातो, तर आणखी १८६. दोन्ही मिळून ३७२. आणि यातल्याही बऱ्याच नुसत्या नजरेने गळतात. २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. खरोखर भागून पाहावी अशी पहिली संख्या ३११. भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. गेला. त्यानंतरची १३०३, बाकी २२६. गेला. असं शेवटपर्यंत बाकी शून्य कुठेच आली नाही, आणि संख्या मूळ ठरली.

मला यात सर्वात आवडतं ते हे, की ऑयलरने संख्येचे अवयव शोधलेच नाहीत. अवयव असलाच तर त्याचा चेहरामोहरा कसा असेल हे त्याने आधी ठरवलं, आणि मग तेवढीच दारं ठोठावली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच जगाला माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती. तिच्यापासून एक परिपूर्ण संख्याही तयार होते. जिचे स्वतःहून लहान विभाजक मिळवले की तीच संख्या येते, ती परिपूर्ण, जशी ६ = १ + २ + ३, किंवा २८. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली लिहून ठेवलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काहीच नाही, तेव्हा शोधायच्या फंदात पडणार कोण? १८८३ मध्ये रशियातल्या इव्हान पेर्वुशिनने ६१ हा घातांक चालतो हे दाखवलं आणि मर्सेनच्या यादीतली एक उणीवही भरून काढली. फंदात पडणारी माणसं कमी नसतात.

त्याआधी, १८७६ मध्ये, एदुआर ल्यूका या गणितज्ञाने संभाव्य अवयवांनी भागून पाहण्याच्या वाटेलाच न जाणारी कसोटी शोधली होती. पुढे डेरिक लेमरने तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरू करा, दरवेळी वर्ग करून २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी पायऱ्यांनंतर शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर नाही. ३१ वर करून पाहा. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, म्हणून पायऱ्या तीनच. ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, ८ वरून ६२ म्हणजे बाकी ०. मूळ. आपल्या दहा आकडी संख्येला २९ पायऱ्या लागतात. कागद-पेन घेऊन एखाद्या रविवारी होण्यासारखं काम आहे, फक्त वर्ग मोठमोठे येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, चार कोटी दहा लाखांहून जास्त आकडी मर्सेन संख्येवरही शेवटचा शिक्का याच कसोटीने बसला.

प्रोग्रामिंग करणारे ही संख्या वेगळ्याच कारणाने ओळखतात. ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ मावेल अशा ३२ घरांच्या, जागेत एक बिट धन-ऋण चिन्हाला जातो, उरतात ३१, आणि ते सगळे १ असले की हीच संख्या होते. त्या जागेत मावणारा हा सर्वात मोठा पूर्णांक. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी, या आकड्याला टेकतील. पुढच्या सेकंदाला मोजणी ऋण होईल आणि घड्याळ १३ डिसेंबर १९०१ दाखवेल. पण या भानगडीत संख्या मूळ असण्याचा काडीचा संबंध नाही. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे, तिला ७ ने भाग जातो, आणि ६४ बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. कारण वर आलंच आहे: १५ आणि ६३ एकांचे गट पडतात.

मूळ असण्याचा खरा उपयोग होतो तो संगणकाला यादृच्छिक वाटणारे आकडे हवे असतात तेव्हा. इथे पुन्हा आपलं घड्याळ येतं, पण या वेळी तबकडीवर २,१४,७४,८३,६४७ तास. या घड्याळावर दुप्पट करत गेलं तर फेरा अवघ्या ३१ पावलांत संपतो. द्विमान पद्धतीत तर ते डोळ्यांना दिसतं: ३१ घरांत एकच १, तो दरवेळी डावीकडे एक घर सरकतो आणि टोकाला पोहोचला की पुन्हा उजवीकडून आत येतो. असल्या आकड्यांचा कुणाला उपयोग नाही. पण दुप्पट करण्याऐवजी सातपट करत गेलं तर? मग फेरा सगळ्याच्या सगळ्या २,१४,७४,८३,६४६ आकड्यांना शिवून आल्याखेरीज १ वर परततच नाही.

हे कुणी सगळी पावलं चालून ठरवलेलं नाही. फेऱ्याच्या लांबीने घड्याळावरच्या एकूण आकड्यांना भाग गेलाच पाहिजे, हे आपण पाहिलं. २,१४,७४,८३,६४६ चे अवयव पाडले की २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. फेरा पूर्ण लांबीचा नसेल तर तो या सात वेगवेगळ्या मूळ अवयवांपैकी एखाद्याने तरी तोकडा असणार. मग सातच तपासण्या करायच्या: एकूण आकड्यांना २ ने भागून येईल तेवढी पावलं चालल्यावर १ येतो का, ३ ने भागून येतील तेवढ्यांवर येतो का, असं ३३१ पर्यंत. ७ साठी सातही वेळा उत्तर नाही असं येतं.

नुसत्या सातपटीने सुरुवातीचे आकडे फारच ओळखीचे दिसतात, म्हणून प्रत्यक्षात एकदम पाच पावलं टाकतात: ७ चा ५ वा घात, १६,८०७. अवयवांच्या यादीत ५ नाही, म्हणून पाच-पाच पावलांनीही फेरा तुटत नाही. १ पासून निघालं की १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३, असे आकडे येत जातात, आणि १०,००० व्या पावलाला १,०४,३६,१८,०६५. प्रोग्राम बरोबर लिहिला आहे का हे तपासायला हा शेवटचा आकडा आजही वापरतात. ही पद्धत १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून सुचवली, आणि तिचं मूळ १९५१ मध्ये मांडलेल्या लेमरच्या कल्पनेत आहे. पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या बनवायला मात्र ती चालत नाही. एक आकडा दिसला की पुढचे सगळे कुणालाही काढता येतात.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर या संख्येला जुळं भावंड नाही. दोनने कमी केली की शेवटी ५ येतो, दोनने वाढवली की ३ ने भाग जातो. मागची मूळ संख्या १८ ने अलीकडे, पुढची १२ ने पलीकडे. एवढ्या मोठ्या आकड्यांत मूळ संख्या सरासरी एकवीस-बावीस घरांनी एक भेटते, त्यामानाने हे अंतर नेहमीचंच.

३१ स्वतः पाच एकांची ओळ आहे. म्हणजे मर्सेन मूळ संख्येएवढे एक मांडले आणि पुन्हा मूळ संख्या मिळाली. असं ३, ७, ३१ आणि १२७ या चौघांच्या बाबतीत होतं. मग २,१४,७४,८३,६४७ एक ओळीने मांडले तर? ती संख्या दशमान पद्धतीत ६४ कोटींहून जास्त आकड्यांची होते. ती पूर्ण लिहून भागाकार करणं सोडाच, पण ऑयलरचा फेरा इथेही लागू पडतो. अवयव असलाच तर तो २,१४,७४,८३,६४७ च्या कुठल्यातरी सम पटीपेक्षा १ ने जास्त असणार. तेवढ्याच संख्या घेऊन, त्यांच्या घड्याळांवर २ चा घात चालवून पाहायचा. असं करत गेल्यावर १,३७,४९० व्या पटीला अवयव सापडतो: २९,५२,५७,५२,६६,२६,०३१. अवघे पंधरा आकडे.